पुराचा डाग पुसावा का? : छायाचित्रातले थर, पोत आणि भावना

आज आपण ज्या चित्रप्रकाराबद्दल बोलणार आहोत, तो तुमच्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलमध्ये सापडेल. एक फोटो घ्यायचा, त्यावर दुसरा अर्धपारदर्शक करून ठेवायचा, आणि सगळ्यावर जुन्या कागदाचा, गंजलेल्या पत्र्याचा किंवा भेगाळलेल्या भिंतीचा पोत चढवायचा. झालं ‘भावपूर्ण’ छायाचित्र! पुण्यातल्या प्रदर्शनांतही अशी कामं आता सवयीची झाली आहेत. आमचा प्रश्न साधा आहे. ही भावना येते कुठून? थरातून येते, की थर दिसला म्हणजे भावना आलीच, असं आपण धरून चालतो?

पहिली गोष्ट म्हणजे थर ही संगणकाची देणगी नव्हे. हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकारानं १८५८ मध्ये ‘फेडिंग अवे’ हे चित्र केलं, ते पाच निगेटिव्ह जोडून. क्षयानं खंगलेली मुलगी, तिच्याजवळ दोघी जणी, आणि मागे खिडकीकडे तोंड करून उभा असलेला पुरुष. सगळं मांडून घेतलेलं, मुलगीसुद्धा चांगली ठणठणीत. तरी लोक अस्वस्थ झाले. इतकं दुःख कॅमेऱ्यानं दाखवावं का, असा वाद झाला. त्या चित्रातली भावना कुठे आहे ते पाहा. मुलीच्या चेहऱ्यापेक्षा ती त्या पुरुषाच्या पाठीत जास्त आहे. तो वळून बघत नाही. ती आकृती काढली तर चित्रातून नुसता एक माणूस जात नाही, न बघवणं निघून जातं.

त्याच सुमाराचं आपल्याकडचं उदाहरण घेऊ. विल्यम जॉन्सन यानं मुंबईतल्या जातीजमातींची छायाचित्रं १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत काढली. त्यातही जोडकाम आहे: माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागची दृश्यं दुसरीकडची. हात सफाईदार आहे. पण ती चित्रं बघताना आपल्याला वेश दिसतो, पागोटं दिसतं, दागिने दिसतात. माणूस मात्र हाती लागत नाही. कारण तिथे थर आले ते नमुना सजवण्यासाठी. या गटामागचा देखावा त्या गटामागे लावला, तरी फारसं बिघडत नाही.

इथे आपल्याला एक कसोटी मिळते. जो थर उचलून दुसऱ्या कुठल्याही फोटोवर तितकाच शोभतो, तो कुठल्याच फोटोचा नसतो. कृत्रिम की नैसर्गिक, हा मुद्दाच नाही. रॉबिन्सनचं सगळंच कृत्रिम आहे आणि तरी ते टिकतं.

पुण्यात तयार झालेलं उदाहरण हवं असेल, तर प्रभातचा ‘कुंकू’ आठवा. १९३७ सालचा, शांतारामबापूंचा. केशवराव दात्यांचे काकासाहेब उतारवयात तरुण मुलीशी लग्न करून बसलेले. आरसा फुटतो आणि तुकड्यातुकड्यांत त्यांचाच चेहरा त्यांना हसतो. एकावर एक प्रतिमा, सगळं तंत्र आलं. पण त्या काचा त्या माणसाच्या आयुष्यातल्या आहेत. दुसऱ्या कुणाच्या गोष्टीत त्या अशा चालणार नाहीत.

आणि आपल्या घरांत तर ही कला न शिकताच चालू होती. भिंतीवरचा आजोबांचा हातानं रंगवलेला फोटो, काचेवर लावलेलं गंध, चंदनाचा हार, दरवर्षी त्याच जागी बोट टेकून पडलेला पुसट ठिपका. याला कुणी मिक्स्ड मीडिया म्हटलं नाही. पण प्रत्येक थर कुणीतरी, कुठल्यातरी दिवशी, कुणासाठी तरी लावलेला असतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. घराघरांतले फोटो भिजले. छायाचित्राचा वरचा थर जिलेटिनचा असतो. तो पाण्यात फुगतो, काचेला चिकटतो, सुकताना तडकतो, त्यावर बुरशी धरते. लग्नाच्या फोटोत नवरीचा शालू शाबूत आणि नवऱ्याच्या खांद्यापासून खाली चिखलाची रेघ, असा एखादा फोटो कल्पनेत आणा. हा पोत कुणी डाउनलोड केलेला नाही. त्या रेघेला तारीख आहे, पत्ता आहे.

आज असे फोटो दुरुस्तीला जातात. संगणक डाग पुसतो, गाल गुळगुळीत करतो, गेलेला खांदा अंदाजानं भरतो. आणि गंमत बघा, त्याच संगणकावर शेजारी कुणीतरी कालच्या कोऱ्या फोटोवर पाण्याचे खोटे डाग चढवत असतो. खरा पोत कचरा आणि खोटा पोत कला, असा हा उलटा व्यवहार आहे.

पण म्हणून ‘डागाला हात लावू नका’ असा फतवा काढणंही बरोबर नाही. ज्यांनी ते पाणी डोळ्यांनी पाहिलं, त्या आजींना नवऱ्याचा चेहरा स्वच्छ बघायचा असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांना पूर आठवायला डाग लागत नाही. डाग लागतो तो आपल्याला, नंतर आलेल्यांना. त्यामुळे आमचं म्हणणं एवढंच: आधी आहे तसा स्कॅन करा, मूळ प्रत जपून ठेवा, दुरुस्ती करायची ती नकलेवर करा. स्वच्छ चेहरा आजींच्या भिंतीवर लागू दे, चिखलाची रेघ नातवंडांसाठी राहू दे.

आणि जे मित्र हे थरांचं काम मनापासून करतात, त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी पोत निवडताना तयार संचाकडे जाण्याआधी ज्याचा फोटो आहे त्याच्या घराकडे बघा. आईच्या फोटोवर भेगाळलेली भिंत कशाला? तिच्या वहीचं तेलकट पान आहे, हळदीचे डाग पडलेलं. ते फक्त तिच्याच फोटोवर शोभेल. प्रश्न असतील तर विचारा, आपल्याकडे थोडा वेळ आहे.