हरवणं वेगळं, विसरणं वेगळं

‘मेट्रॉइडव्हेनिया’ हे नाव एखाद्या अँटिबायोटिकचं वाटतं. ‘मेट्रॉइड’ आणि ‘कॅसलव्हेनिया’ या दोन जपानी मालिकांची नावं एकमेकांत अडकवून ते तयार झालंय. दोन्ही मालिका १९८६ साली सुरू झाल्या, आणि त्यांच्या वाटेने जाणाऱ्या गेम्सना आज याच नावाने ओळखतात. सूत्र सोपं आहे. अख्खं जग पहिल्यापासून समोर असतं, पण त्यातली निम्मी दारं बंद असतात. एक उंच कडा दिसतो, तिथवर उडी पोचत नाही. चार तासांनी हवेत दुसरी उडी मारायची शक्ती मिळते आणि एकदम आठवतं: अरे, तो कडा! मग मागे फिरायचं.

या प्रकाराची सगळी मजा त्या ‘अरे’मध्ये आहे, आणि अडचणही तिथेच आहे. कारण आधी तो कडा आठवायला हवा. सुट्टीत दिवसभर खेळणाऱ्या कॉलेजच्या पोराला तो आठवतो. शनिवारी रात्री दोन तास खेळून पुढचे दहा दिवस कंट्रोलरला हात न लावलेल्या माणसाला नाही आठवत. तो परत येतो, नकाशा उघडतो, पन्नास खोल्यांची ती जाळी बघतो आणि बंद करतो. बरेचसे गेम असेच अर्धवट राहतात. हातांना ते जड गेलेले नसतात, डोक्यातला धागा तुटलेला असतो.

या धाग्याबद्दल मला सगळ्यात नीट विचार केलेला दिसला तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’मध्ये. युबिसॉफ्टच्या फ्रान्समधल्या मोंपेलिए स्टुडिओने केलेला हा गेम जानेवारी २०२४ मध्ये आला. एप्रिल २०२५ मध्ये तो अँड्रॉइड आणि आयफोनवरही आला, त्यामुळे फोन जरा दमदार असेल तर ज्या स्क्रीनवर तुम्ही हे वाचताय तिथेच तो खेळता येईल. जॉर्डन मेकनरचा १९८९चा मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ तुमच्यापैकी काहींच्या दादा-ताईंनी तरी डॉसवर खेळलेला असेल. त्यात नकाशा नव्हता, फक्त घड्याळ होतं. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं, नाहीतर संपलं. तिथे टंचाई वेळेची होती. नव्या गेमने वेळेचं घड्याळ काढून टाकलं आणि लक्ष आठवणीकडे वळवलं.

गोष्ट थोडक्यात अशी. ‘इमॉर्टल्स’ नावाच्या सात योद्ध्यांमधला सर्वांत तरुण म्हणजे सर्गोन. पळवून नेलेल्या राजपुत्र घस्सानला शोधत तो काफ पर्वतावर येतो. तिथे काळ बिघडलेला आहे. कुणासाठी क्षण गेला, तर कुणासाठी वर्षं. सर्गोनला या जगात फिरवणारी जी छोटीशी सोय गेमने दिली आहे, तिचं नाव ‘मेमरी शार्ड’. म्हणजे आठवणीचा तुकडा. एखादी अशक्य वाटणारी जागा दिसली की एक बटण दाबायचं. त्या जागेचा फोटो निघतो आणि नकाशावर त्याच ठिकाणी टोचला जातो. पुढे नकाशा उघडून त्या खुणेवर गेलं की फोटो दिसतो. काय होतं, कुठे होतं, का अडलं होतं, सगळं एका नजरेत.

बस्स, एवढंच. हे इतकं साधं आहे की तीस-पस्तीस वर्षांत कुणाला कसं सुचलं नाही असं वाटतं. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. कोडमध्ये आम्ही जागोजागी ‘टू-डू’ लिहून ठेवतो: इथे पुढच्या महिन्यात हे बदलायचंय. ही नोंद वेगळ्या वहीत केली तर ती मेलीच. जिथे अडचण आहे त्याच ओळीच्या डोक्यावर ती असेल तरच कामाची. आपल्या फोनच्या गॅलरीतही शेकडो स्क्रीनशॉट पडलेले असतात. बसचं वेळापत्रक, कुणाचा तरी पत्ता, एक रेसिपी. त्यातला हवा तो कधीच सापडत नाही, कारण त्या स्क्रीनशॉटना जागा नसते, फक्त तारीख असते. मेमरी शार्डने स्क्रीनशॉटला त्याची जागा परत दिली.

याचं मोल कळण्यासाठी शेजारी ‘हॉलो नाइट’ ठेवून बघावा. टीम चेरी या ऑस्ट्रेलियातल्या छोट्या टीमने २०१७ मध्ये काढलेला हा गेम या प्रकारातला मेरुमणी मानला जातो, आणि त्याचा नकाशा खरोखर सुंदर कल्पनेवर उभा आहे. नव्या भागात शिरलात की नकाशा नसतो. जमिनीवर कागदाचे कपटे पडलेले दिसतात, कुठून तरी गुणगुणणं ऐकू येतं. त्या आवाजाच्या मागे गेलं की कॉर्निफर नावाचा नकाशेकार भेटतो. त्याच्याकडून अर्धामुर्धा नकाशा विकत घ्यायचा. आपण फिरलेल्या खोल्या त्यात चढतात त्या बाकड्यावर बसल्यावर. आणि ‘मी आत्ता कुठे आहे’ हे कळायला होकायंत्राचा एक ताईत अंगावर चढवावा लागतो. त्यासाठी एखादा लढाईतला ताईत उतरवावा लागला तरी चालवून घ्यायचं. तिथे ज्ञानाला किंमत आहे. उद्ध्वस्त राज्यात आपण परके आहोत, ही भावना नकाशाच तयार करतो.

मला हा गेम अतिशय आवडतो. पण त्यात एक घोटाळा आहे, आणि त्याचं अनुकरण करणाऱ्या अनेक गेम्सनी तो जसाच्या तसा उचलला. हरवणं आणि विसरणं या दोन गोष्टी तो एकच धरतो. नकाशावर टोचायला पिना त्यातही विकत मिळतात. चार रंगाआकारांच्या. पण पिन एवढंच सांगते की ‘इथे काहीतरी होतं’. काय होतं ते नाही. पंधरा दिवसांनी नकाशावरची स्वतःचीच पिन एखाद्या अनोळखी माणसाच्या चिठ्ठीसारखी वाटते.

हरवण्यात सुख आहे. अनोळखी जागी दिशा गमावणं, मग एखादी खूण ओळखीची वाटणं, दोन रस्ते अचानक जुळणं, हे शोधाचं मूळ आहे. विसरण्यात तसं काही नाही. तिथे फक्त तीच भिंत दुसऱ्यांदा तपासावी लागते. पहिल्या गोष्टीत डिझायनरची कला असते. दुसरीत खेळणाऱ्याच्या आयुष्यातली परिस्थिती असते: नोकरी, बाळ, आजारपण, एकाग्रतेचा त्रास, थकवा. ही परिस्थिती म्हणजे आव्हान नव्हे. मेमरी शार्ड यातलं विसरणं तेवढं काढून घेतं आणि हरवणं शिल्लक ठेवतं. कारण ते उत्तर देत नाही, फक्त तुमचा प्रश्न सांभाळून ठेवतं. ‘अरे’ तुमचाच राहतो.

हाच निकष गेमच्या दुसऱ्या सोयीला लावला की फरक दिसतो. सुरुवातीलाच गेम विचारतो: ‘एक्स्प्लोरेशन’ की ‘गायडेड’? गायडेडमध्ये पुढचं मुख्य ठिकाण नकाशावर दिसतं आणि कोणते रस्ते सध्या बंद आहेत तेही कळतं. खेळताना कधीही हे बदलता येतं, ही चांगली गोष्ट. मी दोन्ही प्रकारे खेळलो. गायडेडमध्ये माझी नजर जागेवरून उठून नकाशावर जाऊन बसली. ‘रेजिंग सी’ नावाचा एक भाग आहे. भर वादळात, ऐन लढाईत काळ थांबलेला समुद्र. लाटा जागच्या जागी गोठलेल्या, जहाजं तशीच अधांतरी. गायडेडमध्ये मी तिथून एका खुणेकडे सरळ चालत गेलो, जणू ऑफिसची पार्किंग लॉट ओलांडतोय. ती सोय असू नये असं माझं म्हणणं नाही. पण ती प्रश्नही गेमच विचारते आणि उत्तरही गेमच देते.

केव्हिन लिंच या नगररचनाकाराने १९६० साली शहरांच्या ‘वाचनीयते’वर एक पुस्तक लिहिलं. माणसं शहर डोक्यात कसं साठवतात याची पाच अंगं त्याने सांगितली: रस्ते, कडा, विभाग, चौक आणि ठळक खुणा. ‘लॉस्ट क्राउन’चं जग या कसोटीला बऱ्यापैकी उतरतं. जंगल, ग्रंथागार, गोठलेला समुद्र, डोळे मिटून सांगता येतील असे विभाग. जागा वाचनीय असेल तर नकाशावर बाण कमी लागतात. गायडेडची गरज जिथे मला सगळ्यात जास्त भासली, ते गेमचे सारखे दिसणारे बोळ होते. बाण ही अनेकदा कच्च्या जागेची भरपाई असते.

माझ्या एका मित्राला अंधारात अजिबात दिसत नाही, आणि त्याच्या नजरेचा घेरही दरवर्षी थोडा आवळत चाललाय. हा गेम तो ‘हाय कॉन्ट्रास्ट’ मोड लावून खेळला. त्यात पार्श्वभूमी मागे सरते आणि सर्गोन, शत्रू वगैरे ठळक रंगात उठून दिसतात. चित्रकारांनी महिनोन्महिने रंगवलेलं सौंदर्य त्यात बरंचसं मावळतं, हे खरं. मी त्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, “मला ते आधीपण दिसत नव्हतं. आता निदान मी माझ्या चुकीने मरतो, अंधाराच्या नाही.” अ‍ॅक्सेसिबिलिटीची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या डॉक्युमेंटमध्ये सापडलेली नाही. चूक कुणाची आहे हे खेळणाऱ्याला कळलं पाहिजे.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. मेमरी शार्ड मोजकेच मिळतात. वाढवायचे तर ते गेममध्ये शोधून किंवा कमवून वाढवावे लागतात. टंचाईमुळे निवड करावी लागते, जुना फोटो काढून नवा लावताना विचार होतो, हा युक्तिवाद मला कळतो. पण ज्याला आठवणीचा आधार सगळ्यात जास्त हवा, त्यालाच तो कष्टाने कमवायला लावणं म्हणजे रॅम्प दुसऱ्या मजल्यावर ठेवणं. या गेममध्ये शत्रूचा मार किती लागावा हे ठरवता येतं. उड्यांचा अवघड टप्पा ओलांडायला जादूचं दारही चालू करता येतं. मग शार्डची मर्यादा उठवायचं एक सेटिंग द्यायला काय हरकत होती? शिवाय शार्ड म्हणजे चित्रच. ज्याला दिसतच नाही त्याला त्याचा उपयोग शून्य. नॉटी डॉगच्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ने २०२० मध्येच साठाहून जास्त सोयी देऊन, आवाजाच्या खुणांवर वाट दाखवून, अंध खेळाडूंना शेवटापर्यंत नेलं होतं. आठवणीच्या तुकड्याला आवाज का नसावा? “इथे उडी पोचली नव्हती” एवढं स्वतःच्याच आवाजात नकाशावर टोचता आलं असतं.

काफ पर्वत आणि तिथला सीमुर्ग पक्षी हे गेमवाल्यांनी शोधलेले नाहीत. फारसी परंपरेत ते फार जुने आहेत. अत्तार या सूफी कवीच्या काव्यात जगभरचे पक्षी सीमुर्गच्या शोधात निघतात, सात दऱ्या ओलांडतात आणि शेवटी फक्त तीस उरतात. फारसीत ‘सी मुर्ग’ म्हणजेच तीस पक्षी. ‘गेम अवघडच हवा, सगळ्यांनी पोचायला हवं असं थोडंच आहे?’ म्हणणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडेल. पण ती नीट वाचली तर दिसतं, की मागे राहिलेले पक्षी भीतीने, मोहाने, थकव्याने राहिले. नकाशावरची अक्षरं बारीक होती म्हणून कुणी परतलं नाही. दऱ्या अवघड असू देत. दरीचा रस्ता कुठून होता हे दहा दिवसांनी आठवण्याची परीक्षा त्यात नको.

‘लॉस्ट क्राउन’चं समीक्षकांनी कौतुक केलं, तरीही २०२४ संपायच्या आत टीममधले लोक इतर प्रकल्पांवर पांगले. त्यामुळे ही कल्पना पुढे न्यायची तर ती दुसऱ्या कुणाला तरी ढापावी लागेल. फोटो काढून नकाशावर टोचायला फार मोठं इंजिन लागत नाही. तीन जणांची टीमही ते करू शकते, आणि पहिल्या मिनिटापासून हवे तितके देऊ शकते.