भामिनी अमेरिकेत गाते

बालगंधर्वांच्या आयुष्यावर संगीत नाटक करायचं, तर चाली बांधायला कुणाला बोलवावं लागत नाही. गोविंदराव टेंबे, भास्करबुवा बखले अशा मंडळींनी ते काम शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. 'मानापमान', 'विद्याहरण', 'स्वयंवर', 'द्रौपदी', 'एकच प्याला' यांतली पदं वेचायची आणि नारायण श्रीपाद राजहंस या माणसाच्या गोष्टीत ओवायची. अशा नाटकाला परदेशात 'ज्यूकबॉक्स म्युझिकल' म्हणतात. लंडनमध्ये १९८९ साली बडी हॉलीवर असं नाटक आलं, २०१८ साली टीना टर्नरवर आलं. ब्रॉडवेवरचं 'जर्सी बॉईज' २००५ पासून कितीतरी वर्षं चाललं. नाणं टाकलं की हवी ती तबकडी वाजवणारा ज्यूकबॉक्स आपल्यातल्या जुन्या मंडळींनी मुंबईत इराण्याच्या हॉटेलात पाहिला असेल. या नाटकांचंही तेच. गाणी सगळ्यांना पाठ असतात, प्रेक्षक ती ऐकायलाच येतो, आणि ऐकता ऐकता गायकाची कहाणी त्याच्या पदरात पडते.

आपल्या मनवेलपाड्याच्या स्मरणिकेत हे कशाला, असं कुणी विचारेल. तर आमच्याच इमारतीतल्या एका काकूंची लेक आणि जावई न्यू जर्सीत असतात. तिथल्या हौशी मराठी मंडळींनी मिळून बालगंधर्वांवर नेमका असाच प्रयोग केला. त्याचं चित्रण काकूंच्या घरी टीव्हीवर आम्ही शेजाऱ्यांनी पाहिलं. माझा जन्म पेटी वाजवण्यात गेला, भजनात जास्त आणि नाट्यपदांच्या मैफलीत जमेल तेव्हा. त्यामुळे खरं सांगतो, चुका काढायच्या तयारीनेच बसलो होतो.

ती तयारी एका प्रवेशाने मोडली.

१२ मार्च १९११. मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग. कंपनी किर्लोस्करांची, नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, आणि भामिनी बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. खेळ रद्द करू, असं कंपनीतले लोक म्हणत असताना त्यांनी तोंडाला रंग लावला आणि प्रयोग केला. ही हकिकत मराठी घरांत इतकी सांगितली गेली आहे की तिची धार बोथट झालीय. एखादा नवखा लेखक इथे काय करेल? लेकीच्या मृत्यूनंतर करुण पद घालेल. सिंधूचं घालेल, 'एकच प्याला'तलं. प्रेक्षक रुमाल काढणार, टाळी हमखास.

या मंडळींनी तसं केलं नाही. विंगेत एक बाई येऊन कानात काहीतरी सांगते. नारायणराव आरशासमोर बसलेले, हातात कुंकवाची डबी. ते कपाळावर कुंकू रेखतात, नथ नीट करतात, उठतात, आणि रंगमंचाच्या उजेडात येऊन भामिनीचं पद म्हणतात. भामिनी म्हणजे श्रीमंत घरची, मानी, गरीब सेनापतीला नाक मुरडणारी मुलगी. तिच्या तोंडी दुःखाचा लवलेश नाही. गाणारा गृहस्थ संगणकाच्या नोकरीतला, वय पन्नाशीच्या आसपास. त्याने आवाजात कंप आणला नाही, डोळे पुसले नाहीत. ताना स्वच्छ, लाडिक, जशा भामिनीच्या हव्यात तशा. आम्ही बघणारे मात्र गप्प झालो. काकूंनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

माझ्या मते या नाटकाची सगळी अक्कल इथे आहे. गायकाच्या आयुष्याला त्याचंच गाणं चिकटवताना ते जुळवायचा मोह सोडावा लागतो. सुखात सुखाचं आणि दुःखात दुःखाचं गाणं बसवलं की त्याला गाण्यांचा कार्यक्रम म्हणावं, नाटक म्हणू नये. बालगंधर्वांच्या बाबतीत तर गाणं आणि जगणं कायम उलट्या दिशांना गेलं. १९१३ साली गणपतराव बोडस आणि टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे पडदे, गालिचे, अत्तर, शालू यांवर असा खर्च केला की कंपनी कर्जात बुडाली, आणि अशा काळात हा माणूस रोज रात्री राजकन्या होऊन गात होता. १९१९ साली 'एकच प्याला' आलं. ते लिहिणारे गडकरी काही आठवड्यांपूर्वीच गेले होते, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. तेव्हा मात्र शालूतली ही नायिका दारुड्याची दरिद्री बायको झाली. अमेरिकेतल्या संचाने कर्जाचा प्रवेश आणि सिंधूचा प्रवेश एकमेकांत मिसळलेत. एका बाजूला सावकार वही उघडून बसलाय, दुसऱ्या बाजूला सिंधू गातेय. दोघांनी एकमेकांकडे पाहायचंच नाही, एवढीच सूचना दिग्दर्शकाने दिली होती, असं काकूंची लेक सांगते.

८ जुलै १९२१ चं 'संयुक्त मानापमान' त्यांनी जरा घाईत उरकलं, हे मला खटकलं. टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले सेनापती धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका मंचावर आले, तिकीट शंभर रुपयांपर्यंत गेलं. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. यावर अख्खा अंक उभा राहिला असता. बहुधा केशवरावांसारखा चढा, तडफदार आवाज त्यांना मिळाला नसेल. तो इथेही कुठे मिळतो! 'प्रभात'चा 'धर्मात्मा' हा चित्रपट, गायिका गोहरबाई, १९६४ चं पद्मभूषण, १५ जुलै १९६७ चा मृत्यू, हे सगळं निवेदनात येतं. तिथे नाटक थोडं ढेपाळतं.

आता वाद्यांबद्दल बोलू दे, कारण ते माझं क्षेत्र. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष, म्हणजे साथीदारच मैफलीचे मानकरी. आणि ऑर्गन. पायाने भाता मारायचा हा ऑर्गन मुळात परदेशी चर्चमधला. आपल्या नाटकवाल्यांनी तो असा आपलासा केला की नाट्यसंगीत म्हटलं की तोच सूर कानात येतो. या मंडळींनी तिकडे एका चर्चने विकायला काढलेला जुना ऑर्गन मिळवला आणि गाडीवर लादून आणला. चित्रणात पदाच्या सुरुवातीला भात्याची फसफस स्पष्ट ऐकू येते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला तो दोष वाटला असेल. मी तेवढ्यासाठी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. आपल्याकडे हल्ली कीबोर्डवर 'ऑर्गन'चं बटण दाबतात, त्याला दम लागत नाही आणि त्यात दमही नसतो.

तबल्याला तिथेच जन्मलेली एक मुलगी होती. तिला देवनागरी वाचता येत नाही. पदं तिने रोमन लिपीत लिहून घेतली होती, आणि ठेका धरताना ओठांनी ती सगळी म्हणत होती. 'स्वयंवर'मधल्या रुक्मिणीच्या यमनमधल्या पदाला ती गाणाऱ्याच्या श्वासाकडे बघून समेवर येत होती. हे शिकवण्या लावून येत नाही, तालमींना बसून येतं. आठवड्याची नोकरी करून, शनिवार-रविवारी कुणाच्या तरी तळघरात वर्षभर तालमी झाल्या म्हणे.

परदेशातल्या मराठी माणसाला हे नवं नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली निघालं, आणि त्यांच्या अधिवेशनांत इथून गेलेल्या कलाकारांबरोबर तिथले हौशीही रंगमंचावर असतात. पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे शिष्य महेश काळे अमेरिकेत राहून मुलांना गाणं शिकवतात. 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटातल्या गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मॉरिशसच्या मराठी लोकांनी तर कोकणातली जाखडी पिढ्यान् पिढ्या जपली. गणपतीत आपल्या गल्लीत रत्नागिरीची पोरं जी नाचतात, तिचीच ती बहीण.

जाखडीचं नाव काढलं म्हणून सांगतो. मनवेलपाड्यात कोकण, देश, खानदेश सगळीकडची माणसं आहेत आणि प्रत्येकाने आपापलं काहीतरी बरोबर आणलंय. भजनी मंडळं आहेत, नमन आहे, ढोल-ताशा आहे. नाट्यपद मात्र कुणी आणलं नाही. ऐकायचं तर बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह किंवा पार्ल्याचं दीनानाथ गाठायचं आणि रात्री उशिराच्या विरार लोकलने परतायचं. आमच्या भजनी मंडळातल्या दोन-तीन गळ्यांत गंधर्व गायकीचं वळण आहे, हे मी पेटीवरून ऐकून सांगतो. त्यांना कधी कुणी विचारलेलं नाही.

काकूंची लेक आणि जावई पुढच्या गणपतीला घरी येणार आहेत. जावईच त्या प्रयोगात नारायणराव झाले होते. आपल्या गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, ऑर्केस्ट्राच्या एका रात्रीतले दोन तास आम्हाला द्या. अख्खं नाटक नको, 'मानापमान'चा तो एक प्रवेश आणि पाच-सहा पदं पुरेत. पेटी माझी, तबलजी भजनी मंडळातला. ज्यांना गायचं असेल त्यांनी जुलैपासून रविवारी संध्याकाळी माझ्याकडे यावं. पदं लिहून ठेवली आहेत, देवनागरीतही आणि, आपल्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी, रोमनमध्येही.