फेडलेलं कर्ज, सुटलेली दारू आणि पडताळणीचा कागद

कर्जतच्या एका अभ्यासिकेत मागच्या महिन्यात एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, नगरच्या व्हीआरडीईत जेआरएफ मिळाली, तर पोलीस पडताळणीत जुनं थकलेलं कर्ज निघतं का? आणि मधली दोन वर्षं मी पीत होतो, ते?" दुष्काळी तालुक्यात असा प्रश्न एकट्याचा नसतो. म्हणून आज तीन दस्तऐवज चिकित्सकपणे वाचू.

पहिला, 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार', सर्वोच्च न्यायालय, 2016. पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्हा लपवला तर नोकरी जावी का, यावर आधीचे निकाल एकमेकांशी भांडत होते, म्हणून तीन न्यायमूर्तींनी सूत्रं घालून दिली. माहिती खरी द्या. प्रश्न मोघम असेल तर न विचारलेलं सांगितलं नाही म्हणून दोष नाही. किरकोळ प्रकरण लपवलं असेल तर माफ करता येईल. इथवर छान. पण खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी असं नाही. निर्णय नेमणूक करणाऱ्याकडे, आणि माणूस सुधारला हे त्याने कशावरून ओळखायचं, ते निकालात नीट येत नाही. माझी तक्रार इथे आहे. निकालाचं सगळं लक्ष गुन्ह्याच्या नोंदीवर आहे. कर्ज थकणं हा गुन्हाच नाही, त्यामुळे ते या चौकटीत येत नाही. दारूचं उलटं: महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना पिणं हाही गुन्हा, म्हणजे एका रात्रीची केस फॉर्मवर येते आणि दोन वर्षांचं व्यसन येत नाही!

दुसरा, मद्रास उच्च न्यायालय, 2025. स्टेट बँकेने एका निवडलेल्या उमेदवाराची नेमणूक सिबिलमधल्या थकबाकीवरून रद्द केली. जाहिरात येण्याआधीच सगळी कर्जं फेडली होती, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने बँकेची बाजू धरली: अट परतफेडीच्या इतिहासाची होती, आजच्या बाकीची नव्हे. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्या बँकेने ही काळजी घ्यावी, हे मला पटतं. पण कर्ज का थकलं, हा प्रश्नच उरत नाही. पीक गेलं म्हणून थकलेलं आणि चैनीसाठी थकलेलं सिबिलमध्ये सारखंच दिसतं.

तिसरा, अमेरिकेची सुरक्षा मंजुरीची मार्गदर्शक तत्त्वं, 2017 पासून लागू. एकूण तेरा, त्यांत पैसा आणि दारू यांना स्वतंत्र जागा. प्रत्येकाखाली दोन याद्या: काय खटकतं आणि कशाने ते सौम्य होतं. नोकरी गेली, आजारपण आलं आणि त्यातही माणूस जबाबदारीने वागला, प्रामाणिकपणे फेडतोय, व्यसन कबूल करून सोडल्याचा पुरावा आहे. हे वाचून हुरळून जाऊ नका. एक, शंका उरली तर निकाल देशाच्या बाजूने, माणसाच्या नाही. दोन, समुपदेशन चालू असलेल्याला जी सवलत आहे, तिला अट आहे की पूर्वी उपचार घेऊन पुन्हा घसरलेला नसावा. व्यसन सोडताना एकदा घसरणारे किती असतात, हे मुक्तांगणसारख्या ठिकाणी काम केलेल्या कुणालाही विचारा. तीन, सगळं कागदावर हवं. मामाकडून हातउसने घेऊन फेडलेल्या सावकारी कर्जाचा कागद कुठून आणणार?

आता तुमच्या कामाचं. कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांबाबतचे तिथले निकाल नावं वगळून प्रसिद्ध होतात, आणि ते पाहून 'चला, डेटा मिळाला' असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण त्यात फक्त हरकत निघालेली आणि त्यावर लढलेली माणसं आहेत. सरळ मंजुरी मिळालेले नाहीत, घाबरून अर्जच न केलेले तर नाहीतच. त्यातून 'इतक्या टक्के कर्जदारांना मंजुरी मिळते' असं लिहिलंत, तर गाइड पहिल्याच पानावर लाल रेघ मारतील. कोणतं कारण मानलं आणि कोणतं नाही, एवढंच त्यातून काढता येतं, आणि तेही पुष्कळ आहे.

त्या मुलाला मी म्हटलं, विचारलेलं खरं लिही, न विचारलेलं उगाच लिहू नकोस, सोसायटीचा बेबाकी दाखला काढून ठेव. सिबिलवर खातं 'सेटल्ड' आहे की 'क्लोज्ड' हेही बघ. तडजोडीत रक्कम सोडली असेल तर 'सेटल्ड' दिसतं आणि ते बँकेला खुपतं. त्याने बघितलं. 'सेटल्ड' होतं. आता उरलेली रक्कम भरायला तो राशीनच्या मित्राकडून पैसे घेणार आहे. हातउसने.