बेसूर गळ्यांची प्रार्थना

उपासनेत सर्वांत मोठ्याने गाणारा माणूस पुष्कळदा सुरात गात नाही, हा अनुभव कोणत्याही धर्मग्रामाला नवा नाही. गायनवृंदाच्या कपाळावर आठ्या पडतात, मुले हसू दाबतात. अशा गळ्यालाही सिंफनीत मानाचे स्थान आहे, असे मानणारा संगीतकार म्हणजे अमेरिकेचे चार्ल्स आइव्ह्‌ज (१८७४–१९५४).

कनेटिकट राज्यातील डॅनबरी हे त्यांचे गाव. वडील जॉर्ज हे यादवी युद्धात लष्करी बँडचे प्रमुख होते. गावातला एक पाथरवट स्तोत्रे गाताना सूर सोडून ओरडे. कोणी नाक मुरडले, तेव्हा जॉर्ज यांनी सांगितले की, त्याच्या आवाजाकडे नव्हे, चेहऱ्याकडे पाहा. केवळ आवाज ऐकत बसलात तर संगीत निसटून जाईल. आइव्ह्‌ज यांच्या साऱ्या संगीताचे बीज या शिकवणीत आहे.

येल विद्यापीठातून १८९८ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी १९०२ पर्यंत चर्चमध्ये ऑर्गन वाजविला. मात्र संगीतावर पोट भरायचे नाही असे ठरवून ते विमा व्यवसायात शिरले आणि यशस्वी झाले. संगीतरचना चाले ती संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी. १९२७ च्या सुमारास नवी निर्मिती थांबली. तोवर त्यांच्या सिंफनींपैकी एकही लोकांपुढे पूर्ण वाजली नव्हती.

त्यांची तिसरी सिंफनी बालपणी पाहिलेल्या उघड्यावरील धर्ममेळाव्यांच्या आठवणींतून आली. लू हॅरिसन यांच्या दिग्दर्शनाखाली ती १९४६ मध्ये प्रथम वाजली आणि १९४७ चे पुलित्झर पारितोषिक तिला मिळाले. तिच्या शेवटच्या भागाचे नावच ‘कम्युनियन’ आहे. परिचित स्तोत्राचे तुकडे येथे आधी वेगवेगळ्या वाद्यांत विखुरलेले ऐकू येतात. सबंध चाल अगदी शेवटी प्रकटते. मेळाव्याला एकेकटी आलेली माणसे हळूहळू एक व्हावीत, तसे हे घडते. दूरच्या घंटानादात सिंफनी विरून जाते.

चौथी सिंफनी तिच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९६५ मध्ये, स्टोकॉव्हस्की यांनी न्यूयॉर्कला सादर केली. वाद्यवृंदातील निरनिराळ्या लयी सांभाळण्यासाठी त्यांना दोन साहाय्यक दिग्दर्शक घ्यावे लागले. तिच्या दुसऱ्या भागात बँड, नाचाच्या चाली आणि स्तोत्रे एकमेकांवर इतकी आदळतात की, श्रोता गोंधळाचे चित्र पाहत नाही, गोंधळातच सापडतो. हा दोष मान्य करावा लागेल. शिवाय आपल्या रचनांना आइव्ह्‌ज यांनी दिलेल्या तारखा विश्वसनीय आहेत काय, हा प्रश्न मेनार्ड सॉलोमन यांनी १९८७ मध्ये उपस्थित केला. काही धाडसी प्रयोगांच्या बाबतीत ते खरोखर इतरांच्या आधी होते काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

परंतु कोणी पहिला ठरला, यावर या संगीताचे मोल अवलंबून नाही. चौथ्या सिंफनीच्या अखेरीस गायनवृंद शब्दांविना एक जुने स्तोत्र गुणगुणतो. शब्द नाहीत, तरी ती प्रार्थना आहे हे कळते. स्तोत्रे अनेकांनी सजविली. आइव्ह्‌ज यांनी ती गाणाऱ्या माणसांसकट, त्यांच्या चुकांसकट स्वीकारली. पुढच्या रविवारी मागल्या बाकावरून बेसूर आवाज उठेल, तेव्हा मान वळवून त्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे, एवढे तरी हा संगीतकार आपल्याला शिकवून जातो.