'जुम्म' : स्वतंत्र नोंद की केवळ 'पहा'?

बौद्ध लोकसमूहांवरील नोंदींची यादी करताना ज्या शब्दांपाशी संपादकाची लेखणी थांबते, त्यांत 'जुम्म' हा एक शब्द आहे. बांगलादेशातील चितगाव डोंगरी प्रदेशात, म्हणजे रांगामाटी, खागडाछडी व बांदरबन या तीन जिल्ह्यांत, चाकमा, मारमा, त्रिपुरा, तंचंग्या, म्रो, बोम आदी अकरा लोकसमूह पूर्वापार राहतात. त्यांचा एकत्रित निर्देश करण्यासाठी त्यांच्यातीलच जागृत वर्गाने हे नाव स्वीकारले. या शब्दास कोशात स्वतंत्र नोंद द्यावी, की 'पहा : चाकमा' एवढे लिहून पुढे जावे, असा प्रश्न आहे. दुसरा मार्ग सोयीचा आहे, आणि तो सुचविणारे अभ्यासक विषयाशी अपरिचित नाहीत. तथापि तो मार्ग चुकीचा आहे असे आमचे मत आहे. त्याची कारणे येथे मांडीत आहोत.

स्वतंत्र नोंदीविरुद्ध साधारणतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, हा शब्द अलीकडचा आहे. १९७० नंतरच्या चळवळीपूर्वी त्याला आजचा अर्थ नव्हता. दुसरा, तो वांशिक नसून राजकीय आहे. तिसरा, ज्या समूहांना तो लागू होतो त्यांच्या नोंदी कोशात असतातच; मग ही पुनरुक्ती कशासाठी? यांपैकी एकही आक्षेप पोकळ नाही, म्हणूनच त्यांचा क्रमाने विचार करणे आवश्यक आहे.

'जुम्म' हा शब्द 'जूम' या शब्दापासून आला. डोंगरउतारावरील झाडझाडोरा तोडून जाळावयाचा आणि राखेने माखलेल्या भूमीत भात, कापूस, तीळ यांचे बी एकत्र पेरावयाचे, अशी ही फिरती शेती. कोकणातील कुमरीशी तिचे साम्य आहे. अशी शेती करणाऱ्यास मैदानातील लोक 'जुमिया' म्हणत, आणि त्या संबोधनात मागासलेपणाची छटा असे. कॅप्टन लेविन या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ मध्ये या प्रदेशावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने येथील लोकांची 'ख्यौंगथा', म्हणजे नदीची लेकरे, आणि 'तौंगथा', म्हणजे डोंगराची लेकरे, अशी विभागणी केली. सर्वांना सामावून घेणारे, सर्वांनी आपले म्हटलेले नाव त्या वर्गीकरणात नाही.

ते नाव पुढे घडले, आणि समान रक्तातून नव्हे तर समान अनुभवातून घडले. १९०० च्या नियमावलीने या प्रदेशाला वेगळी प्रशासनव्यवस्था दिली. पाकिस्तानच्या काळात, १९६० च्या सुमारास, कर्णफुली नदीवर काप्ताई येथे धरण झाले. त्याच्या जलाशयाखाली सुमारे ५४,००० एकर शेतजमीन, म्हणजे प्रदेशातील लागवडीयोग्य जमिनीचा जवळजवळ ४० टक्के भाग, बुडाला आणि सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले. १९७२ मध्ये नव्या बांगलादेशाची राज्यघटना तयार होत असताना नागरिक 'बंगाली' म्हणून ओळखले जातील असे कलम आले. त्या वेळी मानवेंद्र नारायण लारमा यांनी संविधान सभेत त्यास विरोध केला. आपण बांगलादेशचे नागरिक आहोत, परंतु बंगाली नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली पार्वत्य चट्टग्राम जनसंहती समिती स्थापन झाली. याच चळवळीने हिणवणुकीचा शब्द उचलून त्याला स्वाभिमानाचा अर्थ दिला.

हा इतिहास कोणत्या नोंदीत घालावयाचा? चाकमांच्या नोंदीत घातला तर मारमांचा व त्रिपुरांचा वाटा नाहीसा होतो. अकराही नोंदींत तुकड्यातुकड्यांनी घातला तर तो कोठेच सलग वाचावयास मिळत नाही. म्हणजे ज्यास पुनरुक्ती म्हटले जाते, ती वस्तुतः पुनरुक्ती नसून पोकळी भरून काढणे आहे. शब्द अलीकडचा आहे, हा तर नोंदीच्या बाजूचाच पुरावा होय. ज्या नावाचा जन्म आपणांस कारणांसह सांगता येतो, त्याविषयी कोशकाराने मौन का पाळावे?

राहिला राजकीयतेचा आक्षेप. या लोकांसाठी वापरले जाणारे कोणते नाव राजकीय नाही? २ डिसेंबर १९९७ रोजी सरकार आणि जनसंहती समिती यांच्यात झालेल्या करारात 'उपजाती' हा शब्द आहे. २०१० च्या कायद्याने 'क्षुद्र नृगोष्ठी' हा शब्द आणला. २०११ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने 'उपजाती'सह आणखी संज्ञांची मालिका घटनेत घातली, परंतु 'आदिवासी' ही त्यांनी मागितलेली संज्ञा दिली नाही. शासनाने दिलेला शब्द शास्त्रीय आणि लोकांनी घेतलेला शब्द तेवढा राजकीय, असा भेद जो कोश करतो तो तटस्थ राहत नाही. तो न बोलता एक बाजू घेतो.

'पहा : चाकमा' या निर्देशात याहून मोठा दोष आहे. काप्ताईच्या विस्थापितांत चाकमा बहुसंख्य होते आणि चळवळीचे पुढारपणही मुख्यतः त्यांच्याकडे राहिले, हे खरे. नेमक्या याच कारणाने 'जुम्म' म्हणजे चाकमांनी इतरांवर घातलेले पांघरूण, अशी शंका लहान समूहांतून व्यक्त झाली आहे. कोशाने तसा निर्देश दिला तर तो या वादात नकळत निकाल देतो. शिवाय दोन्ही शब्दांची व्याप्ती एक नाही. मिझोराममध्ये १९७२ पासून चाकमांची स्वायत्त जिल्हा परिषद आहे. १९६४ पासून अरुणाचलात येऊन राहिलेले चाकमा आहेत. त्यांच्या प्रश्नांची उकल 'जुम्म' या शब्दाने होत नाही. उलट बांदरबनमधील म्रो मनुष्य स्वतःस जुम्म म्हणवील, पण चाकमा कदापि म्हणवणार नाही.

या ठिकाणी बौद्ध वाङ्मयाचा आधार घेणे अस्थानी होणार नाही. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी गवत, कीटक, पशू, पक्षी यांतील जातिभेद शरीरचिन्हांनी सिद्ध होतो, मनुष्यांतील भेद मात्र व्यवहारातील नावापुरताच आहे, असे प्रतिपादिले. यावरून कोणी म्हणेल की मग नावांचा एवढा खल कशाला? त्याचे उत्तर मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात आहे. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे असतात. आपलेच नाव खरे असा आग्रह धरू नये, आणि लोकव्यवहारातील नाव ओलांडूनही जाऊ नये, असा तेथील उपदेश आहे. पहिला नियम चळवळीच्या प्रवक्त्याने लक्षात ठेवावा, दुसरा कोशकाराने. मिलिंद राजास नागसेनांनी रथाचा दृष्टान्त दिला, त्याचाही अर्थ हाच. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. तरी अंगे एकत्र आल्यावर 'रथ' हा व्यवहार खोटा ठरत नाही. 'रथ : पहा चाक' असे मात्र कोणी लिहिणार नाही.

याचा अर्थ प्रत्येक वांशिक संज्ञेस समान वागणूक द्यावी असा नाही. 'मग' हा शब्द पाहू. सतराव्या शतकात आराकानी व पोर्तुगीज लुटारूंनी बंगालच्या किनाऱ्यावर घातलेल्या धाडींमुळे तो शब्द बदनाम झाला. 'मगेर मुल्लुक', म्हणजे बेबंदशाहीचा प्रदेश, हा बंगालीतील वाक्प्रचार त्याचीच खूण. पुढे राखाइन, मारमा, एवढेच नव्हे तर चितगावच्या मैदानातील बंगाली भाषक बरुआ बौद्धांनाही सरसकट 'मग' म्हटले गेले. पाली व बौद्धविद्येचे थोर अभ्यासक बेणीमाधव बरुआ (१८८८-१९४८) ज्या समाजात जन्मले, तो हा समाज. त्रिपुरा राज्यातील एक समूह मात्र स्वतःस 'मोग' म्हणवितो आणि तेथील अनुसूचित जमातींच्या यादीत 'मग' हे नाव आहे. तेव्हा 'मग' या शब्दाचीही लहानशी नोंद हवी. पण ती शब्दाच्या प्रवासाची असावी, एका लोकसमूहाचे वर्णन म्हणून नव्हे. वर्णन त्या त्या समूहाच्या स्वतःच्या नावाखालीच शोभते.

यावरून आम्ही कसोटी अशी सुचवितो : त्या नावाला स्वतःचा असा इतिहास आहे काय, आणि तो घटक समूहांच्या नोंदींत न मोडतोडता सांगता येतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी व दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर नोंद स्वतंत्र हवी. 'जुम्म' ही कसोटी उतरतो.

मात्र ती नोंद लिहिताना बौद्ध अभ्यासकांनीच अधिक सावध राहिले पाहिजे. चाकमा, मारमा, तंचंग्या, चाक हे थेरवादी बौद्ध असल्यामुळे 'जुम्म म्हणजे बौद्ध' असे लिहिण्याचा मोह होतो. त्रिपुरा बहुतांशी हिंदू आहेत. बोम, पांखो, लुशाई ख्रिस्ती आहेत. म्रोंपैकी अनेक क्रामा धर्माचे अनुयायी आहेत. हे नाव धर्माच्या भिंती ओलांडून घडले, हेच त्याचे वैशिष्ट्य. ते आपल्या खात्यात जमा करून घेणे म्हणजे ज्या अन्यायाविरुद्ध ते उभे राहिले, त्याचीच लहान आवृत्ती काढणे होय. ज्यांस हे नाव आपले वाटत नाही, त्यांचे म्हणणेही त्याच नोंदीत आले पाहिजे.

मराठी वाचकास हे समजावयास फार दूर जावे लागणार नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शासकीय कागदपत्रांत व वृत्तपत्रांत 'नवबौद्ध' हा शब्द रूढ झाला, आणि आम्ही केवळ बौद्ध आहोत, हे अनेकांना वर्षानुवर्षे सांगत राहावे लागले. आपले नाव दुसऱ्याने ठरविणे म्हणजे काय, याचा अनुभव ज्या समाजाजवळ आहे, त्याच्या भाषेतील कोशाने रांगामाटीच्या माणसाला त्याचे नाव विचारावे आणि ते त्याने सांगितले तसे, वादांसह, लिहून ठेवावे. एवढीच आमची अपेक्षा आहे.