सुताची जात

२००५ साली ह्यूस्टनमध्ये मॅग्डा सायेग हिने आपल्या दुकानाच्या दारमुठीला विणलेली लोकर गुंडाळली. पुढे झाडांना, खांबांना रंगीत विणकाम चढविणारी ही कला जगभर पसरली. छावणीतल्या वडालाही वटपौर्णिमेला सूत गुंडाळतात. तेथे ते व्रत ठरते. परंतु आपल्याकडे सूत कधीच निरागस नव्हते. पेशवाईत अस्पृश्याला ओळखीसाठी काळा दोरा बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली नोंदविले. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा थुंकीने ओला करून जोडावा लागे, म्हणून विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती. लोकरीच्या रंगांची मोहिनी मी नाकारीत नाही. मात्र समीक्षेने आधी विचारावे: सार्वजनिक झाडावर कोणाचा धागा कला ठरतो, आणि कोणाचा निळा झेंडा अतिक्रमण?