मैत्रेयाचें सांत्वन

संस्कृत नाटकांतील विदूषक म्हटला कीं लाडवांवर डोळा ठेवणारा, भित्रा व वाचाळ ब्राह्मण वाचकांच्या दृष्टीपुढें उभा राहतो. शूद्रकाच्या 'मृच्छकटिकां'तील मैत्रेयहि वरवर पाहतां त्याच कुळींतला. देवलांनीं हें नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यापासून आमचे प्रेक्षकहि त्याला हंसत आले. परंतु विपत्तींत सांपडलेल्या मित्राचें सांत्वन करावें तरी कसें, हा गंभीर प्रश्न नाटककारानें ह्याच पात्राच्या द्वारें मांडला आहे, असें आम्हांस वाटतें.

दानधर्मांत द्रव्य वेंचून चारुदत्त निर्धन झाला आहे. देवांनीं पिऊन उरलेल्या चंद्रकलेप्रमाणें त्याची क्षीणताहि रमणीयच आहे, असें मैत्रेय पहिल्या अंकांत त्याला सांगतो. उपमा सुरेख, पण चारुदत्ताचें दुःख द्रव्यनाशाचें नसून अतिथि घराकडे फिरकत नाहींत ह्याचें आहे. दुःखाचें नेमकें स्थान न ओळखतां केलेला गोड उपदेश असाच वायां जातो. तिसऱ्या अंकांत वसंतसेनेची ठेव चोरीस गेल्यावर ती ठेव मुळीं कबूलच करूं नये, ही मैत्रेयानें सुचविलेली तोड तर मित्राच्या सत्यनिष्ठेवरच घाला घालणारी.

तथापि त्याच अंकांत चारुदत्त स्वतःला दरिद्री मानण्याचें नाकारतो. अनुकूल पत्नी, सुखदुःखांत सारखा राहिलेला मित्र व न ढळलेलें सत्य ही आपली संपत्ति तो मोजून दाखवितो. ह्यांतला मित्र कोण? ज्याचा सल्ला नुकताच फेटाळला तोच! मैत्रेय पोटासाठीं चार घरें हिंडतो, मुक्कामाला मात्र पाळीव पारव्यासारखा ह्याच जीर्ण घरीं परततो. अतिथींनीं टाकलेल्या घरीं कोणी नित्य येतो, हेंच चारुदत्ताच्या तक्रारीचें खरें उत्तर होय.

ह्यापेक्षां शहाणा मित्र बरा, असें कोणी म्हणेल. नवव्या अंकांत शकाराशीं झोंबतांना मैत्रेयाच्याच काखेंतून वसंतसेनेचे अलंकार गळून पडतात व मित्रावरील आरोप बळावतो, हें नाटककारानें लपविलेलें नाहीं. परंतु दहाव्या अंकांत, वधस्थानाच्या वाटेवर, रोहसेनाला घेऊन येतो तोहि हाच. आतां कोणतीच युक्ति त्याच्यापाशीं उरलेली नाहीं. तरी त्याच्या येण्यानें बापाला मुलाचें मुख दिसतें. सांत्वनाचे शब्द सुचत नाहींत म्हणून मित्राच्या दारीं जाण्याचें टाळणाऱ्यांनीं हा अंक अवश्य वाचावा; आणि नाटक बसविणाऱ्यांनीं मैत्रेयाला केवळ हंशासाठीं राबवूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.